मूत्रमार्गातील जन्मजात अडथळा

मूत्रपिंडात तयार झालेले मूत्र दोन मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात आणि तेथून मूत्रनलिकेवाटे बाहेर जाते. गर्भावस्थेत या मार्गाची घडण कोठे सदोष राहिली, तर मूत्र मागे तुंबते, मूत्रपिंड फुगते आणि हळूहळू निकामी होऊ लागते. मुलग्यांच्या मूत्रनलिकेत जन्मतःच आढळणारे पातळ पडदे, ज्यांना डॉक्टर ‘पोस्टिरिअर युरेथ्रल व्हॉल्व्ह’ म्हणतात, हा यांतील विशेष घातक दोष होय, कारण तो दोन्ही मूत्रपिंडांना एकाच वेळी ग्रासू शकतो.

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावात अशा दोषाची खूण प्रथम आईच्याच ध्यानात येऊ शकते: बाळाची लघवीची धार बारीक असते, थेंबथेंब होते, किंवा कारण न सापडता ताप पुन्हापुन्हा येतो. अशा तापात लघवी न तपासता औषध देत राहणे धोक्याचे आहे. गरोदरपणातील सोनोग्राफीत मूत्रपिंडाची सूज दिसू शकते. मात्र पुष्कळदा ती जन्मानंतर आपोआप ओसरते, आणि हे आईवडिलांना स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

पडद्यांची शंका असल्यास मूत्राशयात नळीने क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य सोडून, बाळ लघवी करत असतानाच चित्रे घेतात. नळीने मूत्राला वाट दिल्यावर, बाळाची प्रकृती स्थिरावली की मूत्रनलिकेतून दुर्बीण घालून पडदे छेदतात, त्यासाठी पोटावर चीर द्यावी लागत नाही. तरीही मूत्रपिंडाच्या कार्याची तपासणी पुढे अनेक वर्षे चालू ठेवावी लागते. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाड्यांत व शाळांत मुलांना तपासतात. लघवीच्या तक्रारी पालकांनी त्यांना संकोच न करता सांगाव्यात.