पॉइंटावर बोट, बोटांवर हिशेब

करंजाच्या धक्क्यावरून रेवसची लाँच सुटते, धरमतर खाडीचं तोंड ओलांडते आणि साधारण पंधरा मिनिटांत पलीकडे टेकते. हाच प्रवास रस्त्याने करायचा तर पेणवरून भला मोठा वळसा. मधे पूल व्हावा ही कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हाची, म्हणजे १९८० च्या सुमाराची. पुलावरून गाडी धावेपर्यंत उरणकरांची खरी क्रूझ हीच. तिकीट रोख. पॉइंट चालत नाहीत.

मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून सुटणाऱ्या मोठ्या बोटीवर मात्र पॉइंट चालतात म्हणे! सांगणारा असतो पनवेल-वाशीच्या मॉलमधल्या टेबलामागचा, टाइमशेअरची मेंबरशिप विकणारा टाय लावलेला तरुण. आधी कुपन भरून घेतो, मग फोन येतो की तुम्हाला मोफत हॉलिडे लागलाय, फक्त नवरा-बायको दोघांनी या. दोघांनीच का? कारण एकटा आलेला माणूस "घरी विचारून सांगतो" म्हणून निसटतो. सगळे पाठ वाचून झाले तरी गिऱ्हाईक हलत नसेल तर शेवटचा पत्ता पडतो तो क्रूझचा: "रिसॉर्टचा कंटाळा आला काका, तर पॉइंट टाका आणि बोटीवर चढा."

काकांनी चढावं का? चढण्याआधी ऐकण्यासारखं बरंच आहे.

एक खोली, एक्कावन्न मालक

सुट्टीचा वाटा विकण्याची ही टाइमशेअर नावाची युक्ती युरोपातली. स्वित्झर्लंडमध्ये १९६३ साली हापिमाग नावाची कंपनी निघाली. तिच्या सभासदांना एखादी ठरावीक खोली मिळत नसे, मिळायचे ते पॉइंट. म्हणजे पॉइंट हे नवं खूळ नाही, टाइमशेअरच्या बारशापासून ते सोबत आहेत. चार वर्षांनी, १९६७ मध्ये, फ्रान्सच्या आल्प्समधल्या सुपरदेवोल्युइ या बर्फाळ गावात आठवडे विकले जाऊ लागले. खोली भाड्याने कशाला घेता, हॉटेलच विकत घ्या, स्वस्त पडेल, असा तिथला पुकारा होता.

वर्षाचे आठवडे बावन्न, पण विकायचे एक्कावन्न, असा या धंद्यातला जुना रिवाज. उरलेल्या आठवड्यात रंगरंगोटी आणि गळणारे नळ. करंजाच्या नाखव्याला यात नवल वाटणार नाही. विक्रीतून डिझेल, बर्फ आणि शिधा वजा झाला की उरलेल्या पैशाचे बोटमालक आणि खलाशी यांच्यात वाटे पडतात, ही रीत कोळीवाड्यात कितीतरी जुनी. फरक इतकाच की तिथे हिशेब सगळ्यांसमोर होतो.

अमेरिकेत १९७४ मध्ये आरसीआय ही अदलाबदलीची पेढी सुरू झाली. तुमचा आठवडा तिच्याकडे जमा करा, दुसऱ्याचा घ्या. आज तिच्या यादीत हजारो रिसॉर्ट आहेत. भारतात स्टर्लिंग १९८६ साली आली, महिंद्राची हॉलिडे कंपनी १९९६ साली. महिंद्राने वर्षाला चार रंग दिले: पर्पल, रेड, व्हाइट, ब्लू. पर्पल सगळ्यांत महाग, दिवाळी-नाताळाची गर्दी त्यात. ब्लू स्वस्त, त्यात गर्दी ओसरलेली. खोली तीच, गादी तीच, बदलतं ते कॅलेंडर.

बोटीचे पैसे देतं कोण?

इथे खरी गंमत आहे. क्रूझ कंपनीला तुमच्या पॉइंटांशी काही देणंघेणं नसतं. तिला रोकड लागते. मग मेंबरशिप विकणारा क्लब काय करतो? तुमच्या रात्री स्वतःकडे घेतो, त्या खोल्या दुसऱ्या कुणाला भाड्याने देतो, आलेल्या पैशातून तुमच्यासाठी केबिन घेतो आणि मधला खर्च व नफा स्वतःकडे ठेवतो. म्हणजे तुमची खोली एकदा विकली जाते आणि केबिन एकदा विकत घेतली जाते. दोन व्यवहार, दोन ठिकाणी गळती. रिसॉर्टमध्ये पॉइंटाला जो भाव येतो तो बोटीवर सहसा येत नाही, याचं कारण एवढंच. कुणी फसवतंय असं नाही, मधला माणूस फुकट राबत नाही.

अमेरिकेत डिस्नीचा क्लब १९९१ पासून पॉइंटांवर चालतो आणि डिस्नीच्या स्वतःच्या क्रूझबोटीही आहेत. कंपनी घरची, बोट घरची, तरी तिथले मुरलेले सभासद वेगळीच वाट धरतात. पॉइंट दुसऱ्या कुणाला भाड्याने देतात आणि हातात आलेल्या डॉलरांनी क्रूझचं साधं तिकीट काढतात. पुष्कळदा ते स्वस्त पडतं. आणखी एक खोच: २१ मार्च २०११ पासून ज्यांनी ही मेंबरशिप दुसऱ्या सभासदाकडून, म्हणजे सेकंडहँड, घेतली त्यांना पॉइंट देऊन डिस्नीची क्रूझ घेताच येत नाही. न्यूजर्सीत किंवा फ्लोरिडात एखादा मराठी पुतण्या "काका, सेकंडहँड घ्या, निम्म्या किमतीत मिळतं" म्हणाला तर हे त्याच्या कानावर घाला.

आपल्याकडच्या क्लबांनीही क्रूझचा पर्याय पुढे केला आहे. नियम क्लबागणिक आणि वर्षागणिक बदलतात, म्हणून इथे त्यांचा तक्ता देत नाही. छापून येईपर्यंत तो शिळा होईल.

आता बोटं मोजा

आकडे समजुतीपुरते घेतलेले आहेत, तुमच्या करारातले घालून पुन्हा करा.

समजा मेंबरशिप ४ लाखांची, पंचवीस वर्षांसाठी, वर्षाला सात रात्री. विकणारा ४ लाखांना १७५ रात्रींनी भागतो आणि विजयी मुद्रेने सांगतो, "रात्रीला फक्त २,२८६ रुपये!" त्यात दोन गोष्टी गाळलेल्या असतात. पहिली, वर्गणी. समजा ती वर्षाला २०,००० रुपये, म्हणजे रात्रीला आणखी २,८५७. दुसरी, व्याज. तेच ४ लाख सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला २८,००० रुपये आले असते, आणि मुद्दल शाबूत राहिलं असतं. व्याज आणि वर्गणी मिळून वर्षाला ४८,०००, म्हणजे रात्र जवळजवळ ६,८५० रुपयांना पडली. मुद्दल बुडीत धरलं तर आणखी महाग. वर्गणी दरसाल वाढते ते आपण सोडूनच दिलंय.

आता सात रात्री देऊन दोघांना दोन रात्रींची केबिन मिळाली, आणि तीच केबिन रोखीने ४५,००० ला मिळत होती असं धरा. तुम्ही ४८,००० चा माल देऊन ४५,००० चा घेतलात. वर बंदर शुल्क, सेवाशुल्क, जीएसटी हे बहुधा रोखीनेच भरावे लागतात. दारू, वायफाय, किनाऱ्यावरची सहल यांचं बिल निराळं. पॉइंट देऊन मिळालेली केबिन बिनखिडकीची आहे हे काही जणांना दार उघडल्यावरच कळतं.

म्हणून क्रूझसाठी मेंबरशिप घेणं हा आतबट्ट्याचा सौदा, एवढं मी बिनदिक्कत सांगतो.

पण मेंबरशिप आधीच घेतली असेल तर? मग गणितच पालटतं. भरलेले ४ लाख काही केल्या परत येत नाहीत, त्यांना हिशेबातून काढा. वर्गणीही भरावीच लागणार, तिलाही काढा. उरतो एकच प्रश्न: या सात रात्रींचं दुसरं काय होणार आहे? मुलीची बारावी आहे, सासूबाईंचा गुडघा बदलायचाय, रात्री मार्चअखेर वाया जाणार आहेत, असं असेल तर त्यांची किंमत शून्य. शून्याच्या बदल्यात केबिनवर वीस हजारांची सूट मिळाली तरी कमाईच. उलट याच रात्री दिवाळीत मुन्नारला वापरता येणार असतील, जिथे त्या दिवसांत रोखीने खोली घेताना घाम फुटतो, तर त्या बोटीवर उधळू नका.

तुलना करताना एक पथ्य पाळा. क्लबच्या पत्रकावर क्रूझची छापील किंमत असते. खरी किंमत ती नव्हे. त्याच तारखेचं, त्याच दर्जाचं तिकीट आज बाजारात कितीला मिळतंय ते बघा आणि तोच आकडा धरा.

पंचवीस वर्षांचा करार, दीड वर्षाची बोट

मेंबरशिप पंचवीस वर्षांची, बोटीचं काय? मुंबई बंदराची गेल्या वीस वर्षांची हजेरी बघा. २००५ मध्ये स्टार क्रूझेसची सुपरस्टार लिब्रा इथे मुक्कामाला आली आणि गेली. २०१६-१७ च्या हंगामात इटालियन कोस्टा निओक्लासिका मालदीवला जायची. २०१८ च्या ऑक्टोबरात कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचं नाव लावून आंग्रिया गोव्याला निघाली, बातम्यांत झळकली आणि काही काळाने थंडावली. २०१९ च्या एप्रिलमध्ये जलेश कंपनीची कर्णिका थाटात उतरली. २०२० संपण्याआधी कंपनी बंद, आणि बोट गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात. ज्यांनी पुढच्या दिवाळीचा बेत आखला असेल त्यांनी तो कुठे वटवायचा?

सध्या कॉर्डेलियाची एम्प्रेस आहे. १८ सप्टेंबर २०२१ ला मुंबईहून निघाली आणि पंधरा दिवसांत अमली पदार्थांच्या छाप्यामुळे घराघरांत पोचली. तिचा जन्म १९९० चा, फ्रान्समधला. नाव होतं नॉर्डिक एम्प्रेस, आणि तिला नाव द्यायला गायिका ग्लोरिया एस्टेफान आल्या होत्या. रॉयल कॅरिबियनकडून स्पेनच्या कंपनीकडे, पुन्हा रॉयल कॅरिबियनकडे, मग आपल्याकडे. केबिनी ७९६. कर्णिकाही १९९० चीच होती, हे आपलं जाता जाता.

मुद्दा असा की क्रूझचा पर्याय मूळ करारात क्वचितच असतो. तो असतो "सवलत" या सदरात, आणि सवलत काढून घ्यायला क्लबाला तुमची सही लागत नाही.

रूम नाइटची मराठी शोकांतिका

टाइमशेअर म्हटलं की महाराष्ट्रातल्या लाखो घरांत वेगळीच कळ उठते. पॅनकार्ड क्लब्ज ही मुंबईची कंपनी हॉटेलांच्या "रूम नाइट" विकायची. हप्त्याने पैसे भरा, रात्री वापरा. नाही वापरल्यात तर मुदतीअखेर वाढीव रक्कम परत घ्या. रात्री वापरायला बसलंय कोण? लोकांचा डोळा वाढीव रकमेवर. एजंट नात्यागोत्यातला, हप्ता परवडणारा, आणि पावतीवर हॉटेलचं नाव, त्यामुळे चिटफंडासारखी भीतीही वाटेना.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने नेमकं तेच हेरलं. खोलीत राहण्यासाठी नव्हे, परताव्यासाठी पैसे गोळा होत असतील तर ती सामूहिक गुंतवणूक योजना, आणि तिला नोंदणी लागते. २०१४ मध्ये नवे पैसे घ्यायला बंदी आली. फेब्रुवारी २०१६ मध्ये आदेश निघाला की ७,०३५ कोटी रुपये परत करा. गुंतवणूकदार होते सुमारे ५१ लाख. पुढे मालमत्तांची जप्ती, लिलाव, कोर्टकज्जे, आणि पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली म्हातारी माणसं.

नोंदलेल्या मोठ्या रिसॉर्ट कंपन्यांना या पंगतीत बसवणं अन्याय होईल. त्या खोल्या देतात, लोक राहतात, फोटो टाकतात. तरी त्या प्रकरणातली एक खूण क्रूझच्या बोलण्यातही ओळखू येते: विकणारा खोलीबद्दल कमी आणि खोली न वापरल्यास काय मिळेल याबद्दल जास्त बोलू लागला की पाकीट खिशात ढकलावं. संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांपायी सरकारी कागदाची वर्षानुवर्षं वाट पाहिलेल्या उरण-पनवेलकरांना हक्काचा कागद आणि हातातला माल यांतलं अंतर वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि जुलैत काय?

करंजाच्या माणसापुरता एक सरळ फायदा मात्र या धंद्यात दडलाय, तो कुणीच विकत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. बोटी किनाऱ्याला, जाळी दुरुस्तीला, खलाशी गावी. नाखव्याला वर्षातली सलग मोकळीक मिळते ती याच दिवसांत. क्रूझवाल्यांनाही पावसाळ्यातली मुंबई नकोशी होते. एम्प्रेसनेही २०२२ च्या पावसाळ्यात चेन्नई गाठली होती. धरमतर खाडीच्या तोंडाशी आषाढातला समुद्र काय करतो ते इथे नव्याने सांगायला नको. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली रामदास बोट सहाशेहून अधिक माणसांसह बुडाली, तो दिवस अजून घराघरांत सांगितला जातो.

म्हणजे करंजाकरांना सुट्टी असते तेव्हा मुंबईतून बोट नसते, आणि बोट असते तेव्हा ते स्वतःच बोटीवर असतात. पण त्याच जुलैत महाबळेश्वर, लोणावळा, गोवा इथे आठवड्याच्या मधल्या दिवसांना मागणी कमी. शाळा सुरू, नोकरदार कामावर, रिसॉर्ट अर्धे रिकामे. ज्या ब्लू किंवा व्हाइट रात्री ठाण्याच्या बँकवाल्याच्या गळ्यात धोंड होतात, त्या नाखव्याच्या पथ्यावर पडतात. रंग स्वस्तातला, वेळ हक्काची, बुकिंगची मारामार नाही. घ्यायचीच असेल मेंबरशिप, तर ही.

एवढं ऐकूनही क्रूझच हवी असेल तर क्लबाला फोन लावा आणि उत्तरं लेखी मागा. किती रात्री कापणार आणि वर रोख किती? केबिन कुठल्या मजल्यावर, खिडकी आहे का? सफर रद्द झाली तर रात्री परत की व्हाउचर, आणि व्हाउचरची मुदत किती? तिसऱ्या प्रश्नाला पलीकडचा माणूस "सर, होल्ड करा" म्हणाला, तर होल्डवर वाजणारं गाणं संपेपर्यंत बाजारातला रोखीचा दर बघून ठेवा.