सांकेतिक लेखनाचा खेळ आणि किल्लीचा वारसा : मराठी परंपरेच्या संदर्भात

प्रस्तावना

संगणक आणि भ्रमणध्वनी यांच्यामुळे दूरच्या, कधी प्रत्यक्ष न भेटलेल्या मित्रांशीही तरुणांचा संवाद सुरू झाला. या संवादात एक जुनाच खेळ नव्या रूपात अवतरला आहे. एकाने अक्षरे बदलून मजकूर पाठवावा, दुसऱ्याने त्याची उकल करावी आणि उत्तरादाखल अधिक अवघड कोडे धाडावे, असा हा खेळ आहे. शिक्षकांच्या दृष्टीने तो बहुधा वेळेचा अपव्यय, क्वचित संशयाचा विषय ठरतो. वस्तुतः भाषाशास्त्र, गणित, इतिहास आणि संगणकशास्त्र या चारही विषयांची त्यात सरमिसळ आहे. शिवाय मराठी भाषेच्या इतिहासात या खेळाचा एक गंभीर अवतार होऊन गेला आहे. त्याचे पडसाद गोदावरीच्या काठावर, कोपरगावच्या परिसरातही आढळतात. सांकेतिक लेखनाचे प्रकार, त्यांची रचना व मर्यादा स्पष्ट करणे आणि त्यांतून अध्यापनासाठी काय घेता येईल याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. खेळातील आणि व्यवहारातील संकेत

मराठी मुलांना सांकेतिक भाषेची पहिली ओळख ‘च’च्या भाषेतून होते. शब्दाच्या पहिल्या अक्षरातील व्यंजन काढून तेथे ‘च’ बसवायचा आणि काढलेले व्यंजन शब्दाच्या शेवटी ठेवायचे, ही तिची एक रीत. या रीतीने ‘पाणी’चे ‘चाणीप’, ‘नदी’चे ‘चदीन’ आणि ‘कोपरगाव’चे ‘चोपरगावक’ होते. नियम साधा असला तरी त्यासाठी व्यंजन आणि स्वर यांची फोड मनातल्या मनात करावी लागते. व्याकरणाच्या तासाला जी फोड अवघड वाटते, ती खेळात लीलया होते, ही बाब भाषाशिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

प्रौढांच्या व्यवहारातही संकेत होते. डोळ्यांनी खुणावणे ती नेत्रपल्लवी आणि हाताने खुणावणे ती करपल्लवी, असे शब्द मराठीत रूढ आहेत. करपल्लवीच्या एका प्रचलित रीतीत हाताच्या आकाराने वर्ग, बोटांच्या संख्येने त्या वर्गातील अक्षर आणि चुटक्यांनी मात्रा दर्शवीत. वर्णमालेचा तक्ता पाठ असल्याखेरीज ही करपल्लवी चालणे शक्य नव्हते. व्यापाऱ्यांची नंदभाषा हा आणखी एक प्रकार. तिच्यात एक, दोन, तीन, चार, पाच या संख्यांना केवली, अवारू, उधानू, पोकू, मुळू अशी नावे होती. गिऱ्हाईक समोर असतानाही दलालांना आपसांत भाव ठरविता येत असे. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून सौदा करण्याची रीतही याच जातीची आहे.

या प्रकारांना प्राचीन आधारही आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत ‘अक्षरमुष्टिकाकथन’ आणि ‘म्लेच्छितविकल्प’ या कलांचा उल्लेख येतो. यशोधराच्या ‘जयमंगला’ टीकेत म्लेच्छितविकल्पाचे ‘मूलदेवीय’ नावाचे रूप दिले आहे. त्यात अक्षरांच्या जोड्या ठरलेल्या असतात : अ-क, ख-ग, घ-ङ, च-ट, त-प, ञ-ण, न-म, र-ष, ल-स आणि य-श. जोडीतील एका अक्षराऐवजी दुसरे लिहावयाचे. त्यानुसार ‘नगर’ हा शब्द ‘मखष’ होतो. ‘मखष’वर तीच क्रिया पुन्हा केली असता ‘नगर’ परत मिळते. गूढ करण्याची आणि उकलण्याची किल्ली एकच, हा या रीतीचा विशेष होय.

२. महानुभावांच्या गुप्त लिप्या

मराठीतील सांकेतिक लेखनाचे सर्वांत मोठे उदाहरण महानुभाव पंथाचे आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचा संचार गोदावरीच्या दोन्ही तीरांवर झाला. पंथात पूज्य मानले गेलेले डोमेग्राम म्हणजे श्रीरामपूर तालुक्यातील कमालपूर हे स्थान याच जिल्ह्यात, गोदाकाठी आहे. चक्रधरांच्या आठवणी ‘लीळाचरित्र’ या ग्रंथात संकलित करणारे म्हाइंभट हेही याच परिसरातील सराळे गावचे. मराठी गद्याचा हा आद्य ठेवा कोपरगावपासून फार दूर नसलेल्या भूमीशी असा निगडित आहे.

चौदाव्या शतकापासून पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास प्रारंभ केला. त्यांपैकी सर्वाधिक प्रचलित झालेल्या सकळ लिपीचे कर्तृत्व परंपरेने रवळोव्यासांकडे जाते. सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य, सुभद्रा, वज्र अशी अन्य लिप्यांची नावेही आढळतात. पवित्र वचने अनधिकारी हाती पडू नयेत, हा हेतू त्यामागे मुख्यतः सांगितला जातो. या लिप्यांचे मूळ तत्त्व प्रतिस्थापनाचे, म्हणजे एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा नवे चिन्ह योजण्याचे आहे. भाषा मराठीच राहते, वेष तेवढा बदलतो.

या योजनेचे दोन परिणाम झाले. पंथाच्या आत लिपीची किल्ली गुरूकडून शिष्याकडे जात राहिली. परिणामी महाराष्ट्रापासून पंजाब व पेशावरपर्यंत पसरलेल्या मठांत ग्रंथ वाचले जात राहिले आणि टिकून राहिले. पंथाबाहेरील मराठी वाचक मात्र आपल्याच भाषेतील आरंभीच्या गद्याला कित्येक शतके पारखा झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी या लिप्यांची उकल अभ्यासकांसमोर आली. पुढे य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते आदींच्या संशोधनामुळे व संपादनांमुळे हे वाङ्मय सर्वांना खुले झाले. त्यानंतर मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्याने मांडावा लागला. एका किल्लीअभावी केवढे दालन बंद राहू शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोडी लिपीलाही पुष्कळदा गुप्त लिपी समजले जाते. मोडी ही जलद लेखनासाठी रूढ झालेली, राजरोस कारभाराची लिपी होती. ती आज बहुसंख्यांना अगम्य वाटते याचे कारण शिक्षणातून तिचा लोप झाला, हे होय. मुद्दाम लपविलेले आणि विसरल्यामुळे लपलेले यांतील भेद वाचकाला जाणवत नाही, कारण दोहोंतही किल्ली हरवलेलीच असते.

३. ‘ध’चा ‘मा’ : गुप्ततेपलीकडचा प्रश्न

कोपरगावचे नाव मराठ्यांच्या इतिहासात रघुनाथराव पेशव्यांशी जोडलेले आहे. त्यांचा वाडा येथे होता आणि 1783 मध्ये त्यांचे निधनही येथेच झाले. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. त्या संदर्भात ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’ खोडून आनंदीबाईंनी ‘मा’ केला आणि ‘मारावे’ अशी आज्ञा झाली, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. ग्रँट डफने 1826 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात या प्रवादाची नोंद घेतली आहे. तो प्रवाद निर्विवाद पुराव्याने सिद्ध झालेला नाही. तथापि, संदेशशास्त्राचे एक मूलतत्त्व त्यातून उत्तम रीतीने समजावून देता येते.

संदेशाच्या सुरक्षिततेची तीन अंगे आहेत. संदेश इतरांना वाचता येऊ नये, ही गुप्तता. तो वाटेत बदलला जाऊ नये, ही अविकृतता. तो नेमका कोणी पाठविला हे निश्चित व्हावे, ही प्रमाणितता. आख्यायिकेतील पत्र घेणाऱ्याला ते वाचता येत होते. फसगत झाली ती दुसऱ्या अंगाच्या अभावी. अक्षरबदलाच्या खेळात केवळ पहिल्या अंगाचा विचार होतो. आधुनिक व्यवहारात, विशेषतः बँकेच्या संदेशांत, उरलेल्या दोन अंगांचे महत्त्व तितकेच किंवा अधिक असते.

४. रचना आणि उकल

खेळात सर्वाधिक वापरली जाणारी रीत सरकपद्धतीची आहे. रोमन सेनानी ज्युलियस सीझर तिचा वापर करीत असे. देवनागरीत ‘क’पासून ‘ह’पर्यंतची व्यंजने आणि ‘ळ’ धरून 34 व्यंजने होतात. प्रत्येक व्यंजन तीन स्थाने पुढे सरकवून मात्रा तशाच ठेवल्या, तर ‘कोपरगाव’चे ‘घोभशचास’ होते. ही रीत दुबळी आहे. सरक केवळ 33 प्रकारची असू शकते, त्यामुळे चिकाटीचा विद्यार्थी सर्व शक्यता तासाभरात पडताळू शकतो.

अक्षरांची अदलाबदल कोणत्याही क्रमाने करण्याची मुभा दिल्यास शक्यतांची संख्या 34 च्या क्रमगुणिताइतकी, म्हणजे 1 वर 38 शून्ये या संख्येच्याही सुमारे तिप्पट होते. एवढ्या शक्यता एकेक करून तपासणे अशक्यच. तरीही ही रीत सहज उकलते. नवव्या शतकात बगदादमधील विद्वान अल्-किंदी याने त्याचा मार्ग दाखविला. प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार आणि काही क्वचित येतात. अक्षरांचे रूप बदलले तरी त्यांची वारंवारता बदलत नाही.

मराठी मजकुरात तर उकलीच्या खुणा विपुल असतात. वाक्याच्या शेवटी पुनःपुन्हा येणारा दोन अक्षरी शब्द बहुधा ‘आहे’ असतो. एकाक्षरी शब्द ‘व’, ‘ही’, ‘तो’, ‘मी’ यांपैकी असण्याचा संभव मोठा. ‘ळ’ आणि ‘ण’ सहसा शब्दारंभी येत नाहीत. ‘ङ’ आणि ‘ञ’ स्वतंत्रपणे जवळजवळ आढळतच नाहीत. मात्रा तशाच ठेवल्या असतील तर शब्दाचा सांगाडा उघडाच राहतो. उकल करणारा हा प्रत्यक्षात भाषेच्या घडणीचाच अभ्यास करीत असतो.

या दोषावर उपाय म्हणून प्रत्येक अक्षरासाठी निराळी सरक वापरण्याची युक्ती निघाली. इटलीतील बेलासो याने 1553 मध्ये किल्ली-शब्दावर आधारलेली अशी रीत मांडली. 3, 1, 4 ही किल्ली आळीपाळीने वापरल्यास ‘कोपरगाव’चे ‘घोफषचाश’ होते. एकच अक्षर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे रूप घेत असल्याने साधी वारंवारता येथे उपयोगी पडत नाही. परंतु किल्ली ठरावीक अंतराने परतते. हाच धागा पकडून कासिस्की याने 1863 मध्ये तिच्याही उकलीची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे 1883 मध्ये केर्कहॉफ्स याने असे सूत्र मांडले की, पद्धत जगजाहीर झाली तरी केवळ किल्लीच्या गुप्ततेवर संदेश सुरक्षित राहिला पाहिजे. आधुनिक संकेतशास्त्र याच सूत्रावर उभे आहे.

५. दूरस्थ मित्र आणि किल्लीची देवाणघेवाण

शेजारच्या बाकावरील मित्राला किल्ली कानात सांगता येते. कधी न भेटलेल्या मित्राला ती कशी द्यावी? संदेशासोबत पाठविली तर गुप्तता राहत नाही. हा पेच 1976 मध्ये डिफी आणि हेलमन यांनी सोडविला. 1977 मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी याच दिशेची एक व्यवहार्य पद्धत तयार केली. तिची कल्पना कुलपाच्या दृष्टांताने समजते. मित्राने आपले उघडे कुलूप पाठवावे आणि किल्ली स्वतःपाशी ठेवावी. पाठविणाऱ्याने पेटीला ते कुलूप लावावे. आता पाठविणाऱ्यालाही ती पेटी उघडता येत नाही, ती केवळ मित्रालाच उघडता येते. गणितात अत्यंत मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याची कठीणता या कुलपाचे काम करते.

व्हॉट्सॲपवर 2016 पासून दोन टोकांमधील संदेश आपोआप सांकेतिक रूपात जातात. म्हणून गुप्ततेसाठी विद्यार्थ्याने स्वतः संकेत रचण्याची गरज उरलेली नाही. घरगुती संकेतावर विसंबून परवलीचे शब्द किंवा खासगी माहिती अनोळखी व्यक्तीला पाठविणे धोक्याचे आहे, हेही विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगितले पाहिजे. समोरची व्यक्ती कोण आहे, हा प्रमाणिततेचा प्रश्न कोणतीही अक्षरबदलाची रीत सोडवीत नाही.

६. अध्यापनातील उपयोजन

हा खेळ महाविद्यालयात विविध विषयांच्या सीमेवर आणता येतो. मराठीच्या विद्यार्थ्यांनी एखाद्या वृत्तपत्रीय परिच्छेदातील अक्षरांची वारंवारता मोजावी. गणिताच्या विद्यार्थ्यांनी क्रमगुणित आणि बाकीचे अंकगणित त्यावर पडताळावे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सकळ व मोडी लिपीतील पृष्ठे वाचनास द्यावीत. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सरकपद्धतीची आज्ञावली लिहावी.

याला एक निकडीचे कारणही आहे. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी अनेक कार्यालयांतील मराठी मजकूर विशिष्ट टंकांत साठविला गेला. तो टंक नसलेल्या संगणकावर हाच मजकूर रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ दिसतो. कोणीही न योजलेला असा हा प्रतिस्थापनाचा संकेत आहे आणि टंकपरिवर्तक ही त्याची किल्ली आहे. त्या काळातील प्रश्नपत्रिका, स्मरणिका आणि इतिवृत्ते वेळीच रूपांतरित केली नाहीत, तर अवघ्या दोन-तीन दशकांपूर्वीचे लेखनही उकलीच्या प्रतीक्षेत पडून राहील.

समारोप

सांकेतिक लेखनाचे सामर्थ्य चिन्हांच्या चमत्कृतीपेक्षा दोघांमधील करारात असते. महानुभावांचे ग्रंथ लिपीच्या गूढतेमुळे लपले आणि किल्ली शिकविण्याच्या परंपरेमुळे वाचले. मोडीचे दप्तर कोणीही लपविले नव्हते, पण शिकविणे थांबले आणि ते दुर्बोध झाले. कोडे पाठविणारा विद्यार्थी मित्राला उकलीचे आवाहन करीत असतो, त्याला ते उकललेलेच हवे असते. या वृत्तीला अध्यापनात स्थान दिल्यास जुन्या लिप्या आणि जुने टंक वाचू शकणारे हात पुढील पिढीत तयार होतील. किल्ली पुढे सोपविणे हे काम अखेर शिक्षकाचेच आहे.