शेजारच्या पानावर कोण?

जुलै २०२३ मध्ये पवईच्या आय.आय.टी.तील एका वसतिगृहाच्या उपाहारगृहात भिंतीवर कागद लागले. येथे फक्त शाकाहारींनीच बसावे, असा त्यांचा आशय होता. काही विद्यार्थ्यांनी हरकत घेतली. पुढे सप्टेंबरात भोजनगृहातील सहा टेबले शाकाहारींसाठी राखून ठेवण्यात आली आणि वाद वाढला. आपल्या ताटात काय असावे हे ज्याचे त्याने ठरवावे, याबद्दल दुमत नाही. प्रश्न शेजारच्या ताटाचा आहे. देशातील अतिशय कठीण प्रवेश परीक्षा पार केलेल्या तरुणालाही शेजाऱ्याच्या ताटाची किळस का वाटावी? ती तो कोठे शिकला असेल?

बहुधा घरीच. दीड वर्षाचे मूल हाताला लागेल ते तोंडात घालते. 'शी!' हा उद्गार आणि आईच्या कपाळावरची आठी यांतून ते किळस शिकते. माणसांबद्दलचा दुरावाही असाच शिकला जातो. इटलीतील मानसशास्त्रज्ञ कास्तेली व त्यांचे सहकारी यांनी बालवाडीच्या वयातील मुलांना काही दृश्ये दाखविली. त्यांत एक गोरा माणूस कृष्णवर्णीय माणसाशी बोलत होता. कधी त्याचे शब्द गोड असत, पण अंग आखडलेले असे. २००८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की मुलांनी शब्दांपेक्षा देहबोलीचे अनुकरण केले.

बोलणे आणि वागणे यांतील असे अंतर आपल्या इतिहासातही आढळते. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या पुढाकाराने १९१८ साली मुंबईत अस्पृश्यता निवारण परिषद भरली. लोकमान्य टिळकांनी तेथे अस्पृश्यतेविरुद्ध जोरदार भाषण केले. परंतु स्वतःच्या आचरणात अस्पृश्यता न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर सही मात्र केली नाही. त्यांचे कनिष्ठ चिरंजीव श्रीधरपंत यांनी पुढचे पाऊल टाकले. ते डॉ. आंबेडकरांच्या समाज समता संघाच्या कामात शिरले आणि एप्रिल १९२८ मध्ये पुण्याच्या गायकवाड वाड्यात, म्हणजे वडिलांच्याच वाड्यात, डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत सहभोजन घडवून आणले. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी आपले जीवन संपविले. त्यांना काळ फार थोडा मिळाला. पण ती पंगत बसली होती.

मग श्रीधरपंतांना केवळ अपवाद मानावे काय? आकडे तसे सांगत नाहीत. डेगनर व डालेगे या संशोधकांनी २०१३ साली १३१ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत पालक व मूल अशा सुमारे ४५ हजार जोड्या होत्या. परक्या गटांविषयी दोघांच्या मतांमधील सहसंबंध सरासरी ०.२९ निघाला. सहसंबंध शून्य म्हणजे काहीच मेळ नाही, एक म्हणजे पूर्ण मेळ. ०.२९ चा वर्ग केला की सुमारे ०.०८ येतो. म्हणजे मुलामुलांच्या मतांत जो फरक दिसतो, त्यापैकी जेमतेम आठ टक्के भागाचा मेळ पालकांच्या मतांशी बसतो. घराची छाप पडते, पण ती पुसता न येणारी नव्हे. बाकीच्या भागात मित्र, शेजार, वाचन आणि अर्थातच शाळा यांना जागा आहे.

मात्र केवळ एकत्र आणून भागत नाही. अर्थशास्त्रज्ञ मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात १४ ते ३० वयाच्या १,२६१ मुला-तरुणांची निवड करून त्यांतील काहींचे क्रिकेट सामने भरविले. काही संघ एकाच जातगटाचे, काही मिश्र. मिश्र संघात एकत्र खेळलेल्यांत जातीपलीकडची मैत्री वाढली. उलट दुसऱ्या जातीच्या खेळाडूंशी केवळ प्रतिस्पर्धी म्हणून गाठ पडली, तेथे हा लाभ दिसला नाही. समान दर्जा, समान ध्येय आणि एकमेकांची गरज या अटी महत्त्वाच्या आहेत, असे गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ सालीच मांडले होते. सहभोजनातही एकाच पंगतीत बसणे हाच समान दर्जा असतो.

वर्गात हे कसे करावे? अमेरिकेतील ऑस्टिन शहरात १९७१ साली एलियट अॅरन्सन यांनी एक युक्ती वापरली. पाच-सहा मुलांच्या गटात प्रत्येकाला धड्याचा एकेक तुकडा द्यायचा. सर्वांचे ऐकल्याखेरीज धडा पुरा होत नाही. आमच्या भागात यासाठी पवई तलाव उत्तम. एकाकडे पाऊस व पाणलोट, दुसऱ्याकडे जलपर्णी, तिसऱ्याकडे मगरी, चौथ्याकडे सांडपाणी, पाचव्याकडे १८९१ च्या सुमाराचा बांध. टोलेजंग इमारतीतील मुलगी आणि डोंगरउतारावरच्या वस्तीतला मुलगा एकाच गटात हवेत. तुकड्यांचे वाटप चिठ्ठ्या टाकून करावे. हुशार मुलाच्या हाती सगळे सोपविले की बरोबरी संपली.

एक पथ्य आम्ही आवर्जून सांगू. 'तुझे वडील चुकीचे आहेत,' असे मुलाला कधीही म्हणू नये. दोष दिला, की मूल वडिलांच्या बाजूने उभे राहते आणि मत अधिक घट्ट होते. कडवेपणाला अशीच माती लागते. वडिलांवरची माया ठेवूनही त्यांचे एखादे मत सोडता येते, एवढे त्याला आपसूक कळू द्यावे.

आणि आपण शिक्षक? मधल्या सुट्टीत आपण कोणाच्या डब्यातला घास घेतो, कोणाच्या घेत नाही, हे मुले रोज पाहात असतात. आपल्या भाषणापेक्षा तो घासच त्यांच्या लक्षात राहील.