मत्स्यपारध, सागरी (कृत्रिम माशीची)

मत्स्यपारध, सागरी (कृत्रिम माशीची) : समुद्राच्या अथवा खाडीच्या खाऱ्या पाण्यात पिसे, केस व धागे यांपासून बनविलेले हलके आमिष वजनदार दोरीच्या साहाय्याने फेकून मासे गळाला लावण्याचा छंद. कोकणात गळाला ‘गरी’ व गळाने मासे धरण्याला ‘गरवणे’ म्हणतात. प्रस्तुत प्रकार हा गरवण्याचाच, परंतु उपजीविकेसाठी नव्हे तर हौसेखातर विकसित झालेला प्रकार होय. त्याचा उगम यूरोपातील गोड्या पाण्याच्या प्रवाहांतील ट्राउट व सामन माशांच्या पारधीत आहे. नदीतील मासे पाण्यावर पडणारे कीटक खातात, म्हणून तेथील आमिष माशीसारखे असे. सागरी मासे मुख्यतः लहान मासे, कोळंबी व खेकडे खातात. त्यामुळे समुद्रातील आमिष या प्राण्यांसारखे बनवितात, तथापि ‘माशी’ हे जुने नाव कायम राहिले आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा छंद अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर व कॅरिबियन समुद्राच्या परिसरात विशेष रुजला. मासा पकडून पुन्हा जिवंत सोडण्याच्या प्रथेमुळे आणि मत्स्यसंरक्षणाच्या चळवळीतील सहभागामुळे त्याला क्रीडेपलीकडचे महत्त्व प्राप्त झाले आहे.

साधने व तंत्र : नेहमीच्या गरवण्यात आमिषाचे किंवा त्याला बांधलेल्या शिशाचे वजन दोरीला ओढून नेते. कृत्रिम माशीला जवळजवळ वजनच नसते. म्हणून येथे दोरीच जाड व जड असते आणि काठीच्या लयबद्ध मागेपुढे हालचालीने ती हवेत उलगडत पुढे जाते. काठी सामान्यतः २·७ मी. लांब व कार्बन तंतूंची असते. दोरीच्या टोकाला पारदर्शक बारीक धागा व त्याला माशी बांधतात. सागरी मासे जोरदार व लांब पळतात, म्हणून रिळावर मुख्य दोरीच्या मागे सु. २०० मी. किंवा अधिक राखीव दोर गुंडाळलेला असतो व रीळ फिरताना विरोध करणारी रोधक यंत्रणा त्यात बसविलेली असते. खाऱ्या पाण्याने गंजू नये म्हणून रिळासाठी संरक्षक लेप दिलेले ॲल्युमिनियम वापरतात.

उथळ सपाटीच्या पाण्यातील पारध ही या छंदाची सर्वांत कसोटीची शाखा मानतात. गुडघाभर स्वच्छ पाण्यात वाळूवरून सरकणारी सावली किंवा पाण्याबाहेर आलेले शेपटीचे टोक पाहून मासा आधी शोधावा लागतो आणि मग त्याच्या वाटेवर माशी अलगद टाकावी लागते. त्यासाठी भरती-ओहोटीची वेळ, उधाण व भांग यांतील फरक, वाऱ्याची दिशा, सूर्याची उंची, तळावरील सागरी गवत व माशांचे भक्ष्य यांची बारकाईने माहिती असावी लागते. अनेक दिवस पाण्यात काढूनही मासा न मिळणे हे नेहमीचेच असते. या सक्तीच्या निरीक्षणातून हौशी मच्छीमाराला एका ठराविक किनाऱ्याची दीर्घकालीन ओळख होते आणि तेथील ऱ्हास त्याच्या लवकर ध्यानी येतो. या छंदातील समुद्रप्रेमाचा व संरक्षणवृत्तीचा उगम मुख्यतः या परिचयात आहे.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरिडात माशीने सागरी मासे धरल्याच्या नोंदी मिळतात, परंतु दीर्घकाळ हा थोड्या लोकांचा प्रयोगच राहिला. १९३९ मध्ये मायकेल लर्नर यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय क्रीडामत्स्य संघटना स्थापन झाली; आरंभी तिचे कार्य न्यूयॉर्क येथील अमेरिकन नैसर्गिक इतिहास संग्रहालयाच्या सहकार्याने चाले. क्रीडामत्स्यांच्या विक्रमांची नोंद आणि माशांविषयीच्या शास्त्रीय माहितीचे संकलन हे तिचे हेतू होते. जो ब्रुक्स यांच्या १९५० मधील सागरी माशी-पारधीवरील पुस्तकाने या छंदास स्वतंत्र विषयाचे स्थान दिले. पुढे बर्नार्ड ऊर्फ लेफ्टी क्रे यांनी लेखन व प्रात्यक्षिके यांद्वारे त्याचा प्रसार केला. त्यांनी बनविलेल्या ‘डिसीव्हर’ या माशीचे चित्र १९९१ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटावर छापले गेले. ली वुल्फ यांनी १९३९ मध्येच असा विचार मांडला होता की, क्रीडामत्स्य एकदाच पकडून संपविण्याइतका स्वस्त नाही. तत्कालीन छायाचित्रांत मेलेल्या माशांच्या राशी शेजारी ठेवून अभिमानाने उभे राहण्याची रीत दिसते. त्या काळी हा विचार नवा होता.

प्रमुख मासे : टारपॉन (मेगॅलॉप्स अटलांटिकस) हा मोठ्या रुपेरी खवल्यांचा मासा २ मी.पेक्षा अधिक लांब व १०० किग्रॅ.हून अधिक वजनाचा होऊ शकतो. त्याच्या वाताशयाला (हवेच्या पिशवीला) फुप्फुसासारखे कार्य करता येत असल्याने तो पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो व प्राणवायूची कमतरता असलेल्या पाण्यातही जगतो. त्याची प्रौढता सु. दहा वर्षांनी येते व आयुष्य पन्नास वर्षांहून अधिक असू शकते. त्यामुळे एक मोठी मादी मारली गेल्यास तिची जागा भरून येण्यास दीर्घ काळ लागतो. बोनफिश (अल्ब्युला व्हल्पिस) हा उथळ पाण्यात खेकडे व कोळंबी शोधणारा, अतिशय वेगवान मासा आहे. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास, मुख्यतः हिवाळ्यात, बोनफिशांचे मोठे थवे उथळ पाणी सोडून खोल समुद्रात जातात व रात्री अंडी घालतात. त्यांच्या फितीसारख्या पारदर्शक डिंभांचा (अळ्यांचा) तरंगता काळ ४१ ते ७१ दिवसांचा असतो; प्रवाहाबरोबर ते दूरच्या किनाऱ्याला लागू शकतात. परमिट (ट्रॅकिनोटस फॅल्केटस) हा माशीला क्वचितच फसणारा मासा म्हणून प्रसिद्ध आहे. उत्तरेकडील थंड किनाऱ्यावर पट्टेरी बास (मोरोन सॅक्सॅटिलिस) प्रमुख असून तो समुद्रात वाढतो व अंडी घालण्यासाठी चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत, तसेच हडसन नदीत शिरतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघटनेच्या लाल यादीत टारपॉनची गणना ‘असुरक्षित’ व बोनफिशची ‘धोक्याच्या जवळ’ या गटांत झाली आहे.

पट्टेरी बासचा अनुभव : हौशी मच्छीमारांचे प्रेम आणि माशांचे प्रत्यक्ष संरक्षण यांतील संबंध पट्टेरी बासच्या इतिहासावरून चांगला स्पष्ट होतो. अटलांटिक किनाऱ्यावरील या माशाची व्यापारी पकड १९७३ मध्ये सु. ६,८०० टन होती. १९८३ मध्ये ती सु. १,६०० टनांवर आली. अतिमासेमारीबरोबरच अंडी घालण्याच्या नद्यांतील पाण्याचा दर्जा खालावणे हेही त्यामागील कारण मानले गेले. १९८४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने पट्टेरी बास संरक्षण अधिनियम संमत केला. त्यान्वये किनाऱ्यावरील राज्यांच्या आयोगाची योजना न पाळणाऱ्या राज्यात या माशाची मासेमारी बंद करण्याचा अधिकार संघीय शासनाला मिळाला. मेरिलंड राज्याने १९८५ ते १९९० या काळात पूर्ण बंदी पाळली. साठा सावरल्याचे १९९५ मध्ये जाहीर झाले आणि ही घटना मत्स्यव्यवस्थापनाच्या यशाचे उदाहरण म्हणून सांगितली जाऊ लागली.

हे यश टिकले नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साठामापनानुसार पट्टेरी बासचा साठा पुन्हा प्रमाणाबाहेर घटला होता. या वेळी नुकसानीचा मोठा भाग व्यापारी जाळ्यांचा नसून हौशी गळांचा होता. त्यातही, घरी नेलेल्या माशांइतकेच सोडलेल्या माशांचे मरण महत्त्वाचे ठरले. सोडलेल्या माशांपैकी सु. ९ टक्के मरतात असे या मापनात गृहीत धरले जाते. हे प्रमाण लहान वाटते. परंतु सोडलेल्या माशांची वार्षिक संख्या कोट्यवधींत असल्याने २०१७ मध्ये मारल्या गेलेल्या एकूण पट्टेरी बासांपैकी जवळजवळ निम्मे मासे सोडल्यानंतर मेलेले होते. आपण मासा सोडतो म्हणजे त्याचे रक्षण करतो, ही अनेकांची समजूत त्यामुळे अपुरी ठरली. त्यानंतर ठेवता येणाऱ्या माशाच्या लांबीला कमाल मर्यादाही घालण्यात आली. २०२३ मध्ये महासागरी भागात केवळ ७१ ते ७९ सेंमी. लांबीचाच मासा ठेवण्याची मुभा उरली. नैसर्गिक आमिष वापरणाऱ्यांना वर्तुळाकार गळ सक्तीचा झाला. हा गळ घशात न रुतता बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो.

‘पकडा व सोडा’ प्रथेचे शास्त्र : गळाला लागलेल्या माशाच्या झटापटीत त्याच्या स्नायूंत दुग्धाम्ल साचते व रक्तातील प्राणवायू घटतो. पाण्याबाहेर काढताच कल्ल्यांचे तंतू एकमेकांना चिकटून श्वसन थांबते. कोरड्या हाताने किंवा खरखरीत जाळीने अंगावरील बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो. उबदार पाण्यात प्राणवायू कमी विरघळत असल्याने उन्हाळ्यात सोडलेल्या माशांचे मृत्यू वाढतात. बहामा बेटांतील बोनफिशांवरील २००७ च्या संशोधनात असे आढळले की, सोडल्यावर तोल गमावणारा मासा शार्कसारख्या भक्षकाला बळी पडण्याचा संभव तोल सावरलेल्या माशाच्या सहापटींहून अधिक असतो. म्हणून मासा लवकर ओढून घेणे, त्याला पाण्यातच ठेवून गळ काढणे, गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून सपाट करणे, छायाचित्रासाठी फार वेळ हवेत न धरणे आणि शार्क जवळ असल्यास किंवा पाणी फार तापले असल्यास पारध थांबविणे, असे संकेत रूढ झाले आहेत. विक्रमासाठी मासा किनाऱ्यावर आणून तोलण्याची गरज कमी व्हावी म्हणून आंतरराष्ट्रीय क्रीडामत्स्य संघटनेने २०११ पासून लांबी मोजून मासा सोडण्याच्या विक्रमांचा वर्ग सुरू केला.

संशोधन व कायदे : १९९८ मध्ये फ्लॉरिडात स्थापन झालेल्या बोनफिश व टारपॉन न्यासाने हौशी मच्छीमार, वाटाडे व शास्त्रज्ञ यांना एकत्र आणले. माशांना खुणेच्या पट्ट्या व ध्वनिप्रेषक बसवून केलेल्या पाहणीतून त्यांचे प्रवास व अंडी घालण्याच्या जागा कळल्या. की वेस्टजवळील वेस्टर्न ड्राय रॉक्स येथे परमिट मासे अंडी घालण्यासाठी जमतात, असे या पाहणीत दिसल्यावर २०२१ पासून तेथील सु. २·६ चौ. किमी. क्षेत्रात एप्रिल ते जुलै मासेमारी बंद ठेवण्यात आली. त्यापूर्वीच, २०१३ पर्यंत, फ्लॉरिडात बोनफिश व टारपॉन हे दोन्ही पकडून सोडण्याचे मासे ठरले होते. बेलीझने २००९ मध्ये टारपॉन, बोनफिश व परमिट या तिन्हींबाबत असाच कायदा केला. जिवंत मासा पर्यटनातून पुनःपुन्हा उत्पन्न देतो, हा अशा कायद्यांमागील आर्थिक युक्तिवाद होय.

मात्र गळावरील नियम पुरेसे नाहीत. फ्लॉरिडा उपसागरात गोड्या पाण्याचा ओघ घटून खारटपणा वाढल्याने १९८७ नंतर व पुन्हा २०१५ मध्ये सागरी गवताची विस्तीर्ण कुरणे मेली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण फ्लॉरिडातील ९३ बोनफिशांच्या शरीरांत सरासरी सात औषधी द्रव्ये सापडली. त्यांचा मार्ग सांडपाण्यातून होता. पट्टेरी बासचे भक्ष्य असलेल्या मेनहेडन या तारलीच्या जातकुळीतील माशाची पकड ठरविताना भक्षक माशांची गरज विचारात घेण्याचे धोरण २०२० मध्ये स्वीकारले गेले. अशा प्रश्नांत हौशी मच्छीमारांच्या संघटित मागणीचा उपयोग झाला आहे.

आक्षेप : केवळ करमणुकीसाठी प्राण्याला पीडा देणे कितपत योग्य, हा नैतिक आक्षेप ‘पकडा व सोडा’ प्रथेवर घेतला जातो; जर्मनीत सबळ कारणाविना मासा पकडून सोडणे प्राणिसंरक्षण कायद्यान्वये आक्षेपार्ह ठरते. दुसरा आक्षेप सामाजिक आहे. फ्लॉरिडातील मतदारांनी १९९४ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून राज्याच्या सागरी हद्दीत मासे अडकविणाऱ्या जाळ्यांवर बंदी आणली व ती १९९५ मध्ये अंमलात आली. तिचा काही माशांना लाभ झाला. परंतु पिढीजात जाळी टाकणाऱ्या कुटुंबांचा व्यवसाय गेला. या बंदीसाठी हौशी मच्छीमारांच्या संघटना आघाडीवर होत्या. संरक्षणाचा भार कोणी किती उचलावा, हा प्रश्न त्यामुळे कायम राहिला आहे.

भारतातील स्थिती : भारतात हा छंद अल्प प्रमाणात असून अंदमान बेटांत त्यासाठी पर्यटक येतात. टारपॉनची लहान जात (मेगॅलॉप्स सिप्रिनॉइडीस) भारतीय खाड्यांत आढळते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मात्र मासेमारी हा कोळी, भंडारी, गाबीत इ. समाजांच्या उपजीविकेचा प्रश्न आहे. तेथे मासा सोडून देण्याची प्रथा जशीच्या तशी लागू पडत नाही. तरीही मूळ तत्त्व समान आहे : माशाला किमान एकदा प्रजोत्पादन करू द्यावे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याची व नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात जाण्याची जुनी चाल या तत्त्वाशी जुळणारी आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ही कायदेशीर मासेमारी-बंदी पाळली जाते. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने पापलेट हा राज्यमासा जाहीर केला व ५४ जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर आकार ठरविला. गळाने धरलेला लहान मासा बहुधा जिवंत सोडता येतो. जाळ्यात चेंगरलेल्या लहान माशाला मात्र सोडूनही उपयोग नसतो. त्यामुळे येथे आकाराच्या नियमाचे यश जाळ्याच्या आसाच्या मापावर आणि बाजारात लहान मासा न घेणाऱ्या ग्राहकावर अवलंबून राहते.