पोट गेलं, हाडांचं काय?

गेल्या दिवाळीच्या आधी मुरुमहून फोन आला. आत्यानं पाण्याची कळशी उचलली आणि पाठीत 'कट्' झालं. पडली नाही, घसरली नाही, फक्त कळशी उचलली! उसण भरली असेल म्हणून दोन दिवस बाम चोळला. तिसऱ्या दिवशी तिला कुशीवर वळता येईना.

एरवी मी पुण्यातून फोनवरच 'आराम कर गं' म्हटलं असतं. पण 2021 मध्ये आत्याचं जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. अख्खं जठर काढलं, केमो झाली, रिपोर्ट्स क्लिअर आले, पेढेही वाटून झाले. त्यामुळे घरात सगळ्यांच्या मनात एकच शब्द, आणि बोलायला कोणी तयार नाही. शेवटी सोलापूरच्या वाटेवर, गाडीत, तीच म्हणाली, "हाडात उतरला म्हनायचा का गं आता?"

एमआरआयमध्ये कॅन्सर नव्हता. मणका चेपला होता. डेक्सा स्कॅनमध्ये टी-स्कोअर उणे 3.2 आला. उणे 2.5 किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. आम्ही आनंदानं रडलो आणि मग चक्रावलो. चार वर्षं दर फॉलोअपला सोनोग्राफी, एंडोस्कोपी, रक्त सगळं झालं. हाडांचं कोणीच काही बोललं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं, म्हणा.

झालं काय, तर जठर गेलं की अ‍ॅसिड जातं आणि अ‍ॅसिडशिवाय कॅल्शियम नीट विरघळत नाही. ऑपरेशननंतर अन्न आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून जातं, आणि कॅल्शियम शोषण्याचं मोठं काम नेमकं तिथंच होतं. स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, म्हणून त्यांच्यासोबत येणारं 'ड' जीवनसत्त्वही निसटतं. खाणं चिमणीएवढं, वजन उतरलेलं. रक्तातलं कॅल्शियम तर शरीराला कमी पडू द्यायचं नसतं. मग आपण पगार पुरला नाही की एफडी मोडतो, तसं ते हाडांतून काढत राहतं. वर्षानुवर्षं, न दुखता. त्यात आत्याची पाळी कधीच थांबलेली. बी-12चं इंजेक्शन चुकलं तर पायाला मुंग्या येतात, तोल जातो, हा धोका आणखी वेगळा.

आणि ऊन? मराठवाड्यात उन्हाला काय तोटा! पण आत्या सदा घरात, बाहेर पडली तर डोक्यावरून पदर.

सगळ्यात चिडचिड झाली ती गोळीची. आत्या कॅल्शियम घेत होती, अगदी नेमानं. पण कार्बोनेट, तेही रिकाम्या पोटी चहासोबत. त्याला अ‍ॅसिड लागतं. सायट्रेटला लागत नाही. पाकिटावरचा एक शब्द! आता डॉक्टरांनी सायट्रेट दिलंय, एका वेळी 500 मिलिग्रॅमपर्यंत आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. 'ड'ची कमतरता आधी भरून काढली, दात तपासले, मग झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं वर्षातून एकदा घ्यायचं सलाईन लावलं. हाडांच्या नेहमीच्या गोळ्या अशा पोटाला झेपत नाहीत.

शेजारच्या बार्शीत 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. (आत्याचं ऑपरेशन तिथलं नव्हे.) अशा नोंदणीत कॅन्सर मोजतात, मृत्यू मोजतात. बरं झालेल्याचं हाड कधी मोडलं, हे मोजणं तिचं कामच नाही. ते आपल्यालाच विचारावं लागतं. तुमच्या घरी कोणाचं जठर काढलेलं असेल, तर पुढच्या फॉलोअपला डेक्सा, 'ड' आणि बी-12 या तिन्हींबद्दल डॉक्टरांना विचाराच.

दिवाळीला मी गेले तेव्हा न्हाणीघराच्या शहाबादी फरशीवर खरबरीत पट्ट्या चिकटवल्या आणि भिंतीला दांडी बसवून घेतली. आत्या नाचणीची आंबील थोडी थोडी करून पीत होती. दूध तिला आता सोसत नाही. अंगणात बाही वर करून बसायला लावलं, तर लाजली. म्हणाली, "शेजारची बघत्यात गं." कळशी आता मामंजी भरतात, निम्मी सांडत.