'ही शेवटची मॅच' : एडीएचडी, गेमिंग आणि आपला राग

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप.

मी बारावीत असताना आमच्या घरी रोज एकच संवाद व्हायचा. आई म्हणायची, "पुस्तक घेऊन दहा मिनिटं बसवत नाही तुला, आणि मोबाइलवर चार तास जागचा हलत नाहीस. मग लक्ष लागत नाही म्हणजे काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मलाही तोच प्रश्न पडायचा. उत्तर मिळालं २१व्या वर्षी, मानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडीचं निदान केलं तेव्हा.

एडीएचडी म्हणजे लक्षच नसणं, असं आपल्याला वाटतं. तसं नाहीये. लक्ष कुठे द्यायचं आणि कुठून काढून घ्यायचं, यावरचा ताबा कमी असतो. अशा मेंदूला लांबच्या बक्षिसासाठी थांबणं फार जड जातं. अभ्यासाचं फळ निकालाच्या दिवशी मिळणार, तेही मिळालं तर. गेममध्ये मात्र काही सेकंदांत पॉइंट, आवाज, नवीन लेव्हल. काय करायचंय ते स्पष्ट, आणि चुकलं तर लगेच दुसरा डाव. मग मन तिथेच चिकटतं.

आता रागाचं बघू. एडीएचडी असलेल्या बऱ्याच जणांना भावना सावरणंही अवघड जातं. एका रात्री बाबांनी मॅच चालू असताना वायफाय बंद केलं. मी मोबाइल भिंतीवर आपटला. बाबा काहीच बोलले नाहीत. खाली बसून काचा गोळा करायला लागले, आणि त्यांच्या बोटातून रक्त आलं. राग दोन मिनिटांत उतरला. लाज पुढे कित्येक दिवस राहिली.

आणि त्या लाजेवर माझ्याकडे उपाय कोणता? परत गेम! तिथे कुणी ओरडत नाही ना. मग जागरण, सकाळी चिडचिड, वर्गात लक्ष आणखी कमी, मार्क कमी, पुन्हा लाज. असं ते चक्र.

एक गोष्ट नीट समजून घ्या. एडीएचडी आणि अति गेमिंग बरेचदा एकत्र दिसतात, पण म्हणून गेममुळे एडीएचडी होतो असं नाही. त्याची लक्षणं लहानपणापासूनच असतात.

मग 'अति' म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. ही यादी जानेवारी २०२२पासून लागू झाली. त्यात तासांचा आकडा नाहीये. तीन गोष्टी बघतात : खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्याच्या आधी गेम येतो आणि नुकसान दिसत असूनही खेळणं थांबत नाही. हे साधारण १२ महिने चाललं आणि घर, शिक्षण किंवा काम यांत मोठी अडचण येऊ लागली, तर निदान होतं. त्यामुळे सुट्टीत दोन दिवस खेळलात म्हणून घाबरू नका.

माझ्या उपयोगी काय पडलं, ते सांगतो. मर्यादा मिनिटांत ठेवायची नाही, मॅचमध्ये ठेवायची. अर्ध्यात उठणं हेच तर सगळ्यात कठीण असतं. रात्री चार्जर हॉलमध्ये. हरल्यावर लगेच दुसरी मॅच नाही, आधी उठून पाणी प्यायचं. आणि मुख्य म्हणजे एडीएचडीचे उपचार. नुसता मोबाइल काढून घेतला असता, तर मूळ अडचण तशीच राहिली असती.

तुमचं किंवा मित्राचं असं काही होत असेल, तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे. मोफत आहे, २४ तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं.

बाबा आजही रात्री दारात येतात. फक्त आता वायफायला हात लावत नाहीत. विचारतात, "किती राहिल्या?" मी म्हणतो, "एक." आणि बहुतेक वेळा ती खरंच एकच असते.

चला, भेटू पुढच्या भागात. झोपा आता!