वाचनालय वाढतंय, त्यात आपली जागा किती?



ग्रामसंघाच्या बैठकांना फिरताना हल्ली एक विषय बऱ्याच गावांत निघतो. गावच्या वाचनालयाचे पत्रे बदलायचे आहेत, कुठे शेजारी एक खोली वाढवायची आहे, कुठे रंगरंगोटी आणि नवी कपाटं येणार आहेत. बातमी सांगणारी ताई शेवटी म्हणते, "पण मॅडम, आपला काय संबंध त्याच्याशी?" या अंकात त्याबद्दलच लिहिते. संबंध आहे, आणि तो कामाला सुरुवात व्हायच्या आधीच जोडावा लागतो. एकदा भिंत उभी राहिली की "इथे एक खिडकी हवी होती" म्हणून उपयोग नसतो.

आपलं नेहमीचं वाचनालय डोळ्यांपुढे आणा. ग्रामपंचायतीजवळ नाहीतर चावडीजवळ एक खोली. दारात चपला, सगळ्या पुरुषांच्या. आत टेबलावर पेपर, भोवती आठ-दहा जण, भिंतीला कुलूपबंद कपाटं. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक-दोन तास उघडं. त्या दोन्ही वेळा आपण कुठे असतो? चुलीपाशी, गोठ्यात नाहीतर पाण्यावर. त्यामुळे वाचनालय 'सार्वजनिक' असलं तरी अर्धं गाव त्याच्या बाहेर राहतं. त्यासाठी कोणी बंदी घातलेली नसते. वेळ आणि बसायची जागा एवढ्यावरच ते ठरून जातं.

याची खरी झळ आपल्यापेक्षा आपल्या मुलींना बसते. बारावी किंवा पदवी झालेली मुलगी पोलीस भरतीचा, तलाठी भरतीचा अभ्यास करते म्हणते. घरात दोन खोल्या, टीव्ही चालू, लहान भावंडं, पाहुणे. तालुक्याच्या अभ्यासिकेत जागा मिळते, पण तिथली महिन्याची फी, एसटीचं भाडं, आणि शेवटची गाडी चुकली तर काय, ही भीती. दोन-चार महिने ओढाताण होते, मग घरात "आता स्थळ बघू या" सुरू होतं. मुलांचं तसं होत नाही, ते मित्राच्या खोलीवर राहून अभ्यास करतात. गावच्या वाचनालयात दिवसभर उघडी राहणारी, उजेडाची, मुलींना न संकोचता बसता येईल अशी एक खोली असेल, तर त्या घरातलं बोलणं बदलू शकतं. सगळ्याच मुली नोकरीला लागतील असं मी म्हणत नाही. पण प्रयत्न मधेच तुटणार नाही.

आता हे वाचनालय असतं कोणाचं, ते आधी बघू. गावात दोन प्रकार दिसतात. काही वाचनालयं ग्रामपंचायत चालवते. पुष्कळशी मात्र नोंदणी झालेल्या संस्थेची असतात. संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा, या दोन्हींखाली त्यांची नोंद असते. अशा संस्थेला कार्यकारी मंडळ असतं, सभासद असतात आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा होते. आपल्या गटासारखंच आहे हे. हिशोब वाचला जातो, ठराव होतात, पदाधिकारी निवडले जातात. मग जी सभासदच नाही, ती या सभेत काय बोलणार? अमुक दिवसांपूर्वी सभासद झालेल्यालाच मत, असंही काही संस्थांच्या घटनेत असतं, तेव्हा घटना बघायला मागा. ती लपवून ठेवायची वस्तू नाही.

आपल्या राज्यात सार्वजनिक वाचनालयांसाठी १९६७ चा कायदा आहे, महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे दरवर्षी शासनाचं अनुदान मिळतं. खेड्यातली बहुतेक वाचनालयं क किंवा ड वर्गात असतात. वर्ग कशावर ठरतो? सभासद किती, पुस्तकं किती, वर्तमानपत्रं आणि मासिकं किती येतात, रोज किती तास उघडं असतं, यावर. अनुदान मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत मिळतं, पण वर्गासाठी ठरलेल्या रकमेच्या वर जात नाही. त्यातला मोठा भाग ग्रंथपालाच्या पगारात जातो, आणि तो पगारही फार असतो असं नाही.

आता यातली आपल्या कामाची गोष्ट ओळखली का? सभासदांची संख्या. एका गावात दहा गट धरले तर शंभराच्या वर बायका होतात. त्यातल्या पन्नास जणींनी नाव नोंदवलं तरी वाचनालयाचा सभासदांचा आकडा एका महिन्यात बदलतो. वाचनालय चालवणाऱ्यांना वर्ग वाढवायचा असेल तर आपल्याशिवाय मोठा गठ्ठा त्यांना गावात दुसरीकडे मिळायचा नाही. म्हणजे आपण काही मागायला चाललेलो नाही, काही घेऊन चाललो आहोत. सभासद होण्यासाठी थोडी अनामत आणि मासिक वर्गणी असते. आणि नुसता पेपर वाचायला तर पैसेही लागत नाहीत, मान्यताप्राप्त वाचनालयाचा तो विभाग सगळ्यांना खुला ठेवायचा असतो. "बायकांसाठी नाही" असं कोणी म्हटलं तर हसून आत जाऊन बसा.

पैशाकडे येऊ. दुरुस्तीला आणि वाढीव खोलीला पैसा वेगवेगळ्या वाटांनी येतो. सगळ्यांत जवळची वाट ग्रामपंचायतीची. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय दिले आहेत, त्यात विसावा विषय ग्रंथालयांचा आहे. त्यामुळे "वाचनालय हे ग्रामपंचायतीचं काम नाही" हे उत्तर चालत नाही. वित्त आयोगाच्या निधीतला अबंधित भाग गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. बऱ्याच ठिकाणी या पैशातून शिलाई मशीन नाहीतर सतरंज्या येतात. महिला-मुलींच्या अभ्यासिकेसाठी टेबल-खुर्च्या, पंखे, दिवे मागितले तर ते या खर्चात चांगले बसतात, असं मला वाटतं.

पण हे सगळं गावाच्या विकास आराखड्यात असावं लागतं. आराखड्यात नाव नाही तर पैसे नाहीत, हा सरळ हिशोब. आणि इथे आपल्याकडे एक चांगलं हत्यार आहे, ते म्हणजे आपली व्हीपीआरपी. दरवर्षी गटागटांत बसून आपण तो फॉर्म भरतो. घरकुल, जॉबकार्ड, पेन्शन, शेळ्या, सगळं लिहितो. त्यात सार्वजनिक सोयी-सुविधांचाही भाग असतो. तिथे आपण रस्ता, गटार, दिवाबत्ती लिहून मोकळ्या होतो. त्याच भागात वाचनालयाची मागणी लिहायची. गटाची मागणी ग्रामसंघात एकत्र होते आणि ग्रामसंघ ती ग्रामसभेपुढे ठेवतो. नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, हेही कायद्यात आहे. कित्येक गावांत ती कागदावर होते, घरोघर रजिस्टर फिरतं आणि सह्या होतात. या वेळी सही करायच्या आधी विचारा, सभा कधी आहे, विषय काय आहेत, आणि वाचनालयाचा ठराव लिहून घ्या. पुढच्या वर्षाच्या आराखड्याच्या ग्रामसभा साधारण २ ऑक्टोबरपासून सुरू होतात, म्हणजे गटातली चर्चा गणपती-गौरीच्या आसपास उरकायला हवी.

दुसरी वाट कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानची. ही केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची संस्था, १९७२ साली सुरू झाली. पुस्तकं, कपाटं, इमारतीची वाढ, अशा कामांना तिच्या योजनांतून मदत होते. वाचनालयात मुलांचा, महिलांचा, ज्येष्ठ नागरिकांचा, नवसाक्षरांचा वेगळा विभाग करायलाही मदतीची योजना आहे. नवसाक्षर म्हणजे नुकतंच लिहा-वाचायला शिकलेली माणसं, आपल्या गटांत अशा कितीतरी आजी आहेत. हा प्रस्ताव वाचनालयाला पाठवायचा असतो, गटाला नाही. माहिती जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळते, ते जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. या वर्षी कोणत्या योजनेचे अर्ज घेत आहेत ते तिथेच विचारावं, गावातल्या ऐकीव माहितीवर कागद गोळा करत बसू नये. इमारतीच्या मदतीसाठी जागा कोणाच्या नावावर आहे हा पहिला प्रश्न येतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा आधी काढून बघा. कुणीतरी तोंडी दिलेल्या जागेवर वीस वर्षं वाचनालय चालू आहे, असा प्रकार आढळला तर तो गुंता पहिल्यांदा सोडवावा लागेल.

आता खोलीकडे बघू. नकाशा ठरताना ग्रामसंघातल्या दोघी-तिघींनी तिथे उभं राहायचं. इंजिनिअर तांत्रिक बोलतील, बोलू द्या. आपण आपल्याला कळतं ते विचारायचं. संडास कुठे आहे? पाणी आहे का, आतून कडी लागते का? मुलगी चार-पाच तास अभ्यासाला बसणार असेल तर पुस्तकांच्या आधी हे लागतं. संडास नसला की मुली पाणी प्यायचं टाळतात, हे आपण शाळेत पाहिलेलं आहे. दार कुठे उघडतं, रस्त्यावर की मागच्या बोळात? बाहेर दिवा आहे का? म्हाताऱ्या माणसाला पायऱ्यांऐवजी उतरण आहे का? चार वर्षांचं पोर बरोबर असेल तर त्याला बसवायला एक कोपरा आहे का? तरुण आईचं येणं नाहीतर न येणं त्या कोपऱ्यावर ठरतं.

वजनाचा मुद्दा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पुस्तकं फार जड असतात. राहत्या खोलीच्या जमिनीवर जेवढा भार धरतात, त्याच्या साधारण तिप्पट भार पुस्तकांच्या कपाटांनी भरलेल्या खोलीला धरावा लागतो. जुन्या इमारतीवर माळा चढवून "वर पुस्तकं ठेवू" असं ठरत असेल, तर आधी इंजिनिअरकडून स्लॅब तपासून घ्या. पुस्तकं खाली आणि बसायची जागा वर, हे बहुतेक वेळा बरं.

मग ओल आणि वाळवी. आपल्याकडच्या पावसात पुस्तकांचे हे दोन मोठे शत्रू. कपाट भिंतीला चिकटवून ठेवायचं नाही, मधे हात जाईल एवढी फट सोडायची, म्हणजे हवा खेळते. खालचा कप्पा जमिनीपासून वर असावा. लाकडापेक्षा लोखंडी रॅक बरा. छत गळत असेल तर आधी छत, मग रंग. हे उलटं झालेलं मी पाहिलं आहे. भिंतीवर सुंदर सुविचार रंगवले आणि पहिल्या पावसात सुविचारांवरून पाणी ओघळलं.

दुरुस्तीच्या निमित्ताने जुनी पुस्तकंही चाळून घेतली जातात. वाळवीने खाल्लेली, पानं गळालेली, वर्षानुवर्षं कोणी न नेलेली पुस्तकं बाद करता येतात, पण त्यासाठी कार्यकारी मंडळाचा ठराव आणि दाखल रजिस्टरमध्ये नोंद लागते. रद्दीवाल्याला परस्पर दिली असं होता कामा नये. आणि नवी खरेदी होताना यादी मागा. शेळीपालन, कुक्कुटपालन, बायकांचं आरोग्य, कायदे, स्पर्धा परीक्षा, मोठ्या अक्षरांतल्या गोष्टी, दिवाळी अंक, जे हवं ते लिहून द्या. आपल्याला काय वाचायचं आहे हे दुसऱ्याने ओळखावं अशी अपेक्षा कशाला?

खोली वाढायला दोन वर्षंही लागतील. तोवर थांबायची गरज नाही, वाचनालय भिंतीशिवायही वाढतं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमात १०० पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या गटाकडे जाते, आणि वाचून झाली की दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार २०१७ साली 'पुस्तकांचं गाव' झालं, तेव्हा तिथे मोठी इमारत बांधली नाही. गावकऱ्यांनी आपल्या घरांतली, देवळांतली, शाळेतली जागा दिली. अशा २५ ठिकाणी मिळून सुमारे १५ हजार पुस्तकं ठेवली गेली. स्ट्रॉबेरी पिकवणारी घरं ती, आपल्यासारखीच.

आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही. वाचनालयाशी बोलून वीस-पंचवीस पुस्तकं महिन्यासाठी ग्रामसंघाच्या नावावर घ्यायची, गटाच्या बैठकीला बचतीच्या रजिस्टरबरोबर पुस्तकांची पिशवी ठेवायची. सचिव बचत लिहिते तसं कोणी काय नेलं ते एकीने लिहायचं. हरवलं तर भरपाई कशी, हे आधीच ठरवा, नाहीतर पहिल्याच हरवलेल्या पुस्तकावरून रुसवेफुगवे होतील. जिला वाचता येत नाही तिच्यासाठी बैठकीनंतर पंधरा मिनिटं कोणीतरी मोठ्याने वाचावं. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली, त्यातलं पाचवं असं की ग्रंथालय ही वाढत जाणारी सजीव गोष्ट आहे. पिशवी ही त्या वाढीची पहिली फांदी समजा.

महिला सभेत काय लिहून घ्यायचं असं दोन ग्रामसंघांनी विचारलं, म्हणून एक मजकूर देते. आपल्या गावाप्रमाणे बदलून घ्या: "गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या दुरुस्ती व वाढीव बांधकामात महिला व मुलींसाठी स्वतंत्र अभ्यासिका, पाण्याची सोय असलेला संडास व बाहेरचा दिवा घ्यावा. वाचनालय दुपारी १२ ते ४ या वेळेतही उघडे ठेवावे. बांधकामाच्या देखरेखीसाठी ग्रामसंघाच्या दोन सदस्यांना घ्यावे. हा विषय पुढील वर्षाच्या विकास आराखड्यात समाविष्ट करावा." खाली सूचक, अनुमोदक यांची नावं आणि हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. ठरावाची प्रत ग्रामसेवकांकडून मागून ग्रामसंघाच्या फाईलला लावा.